सणाआधीचं सशस्त्र संचलन आणि पेठेतला विश्वास: शांतता समितीत नेमकं काय मागायचं?

पूर्वभागकर

गणपतीला महिनाभर राहिलाय. त्याआधी शांतता समितीची बैठक लागेल. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली काही मंडळं, मोहल्ला समितीतली जाणती माणसं आणि विडी कामगार भगिनी मिळून एक लेखी निवेदन देणार आहेत.

विषय असा. सण आला की संचलन निघतं. पुढं बिगुल, मग ढाली-हेल्मेटवाले, दंगा नियंत्रण पथक, क्यूआरटीचे (शीघ्र प्रतिसाद पथकाचे) जवान एके-४७ छातीशी आडवी धरून, आणि मागं जाळी लावलेल्या गाड्या. काही जणांना ते बघून धीर येतो. पण कित्येक घरांची दारं लागतात, माग बंद होतात, पोरं विचारतात, "काय झालंय?" झालेलं काहीच नसतं. दंगा काबूची रंगीत तालीम भर चौकात झाली तर गोंधळ आणखी वाढतो, कारण अश्रुधुराची नळकांडी खरी की खोटी हे लांबून कळत नाही.

आम्हाला पोलिसांच्या विरोधात लिहायचं नाही. बंदोबस्त हवाच आहे. पण "पोलिसांचं लष्करीकरण" हा शब्द निवेदनात घालावा की नाही यावरच आमचं अडलंय. यातलं कुठलं साहित्य पोलिसांचं नेहमीचं, कुठलं लष्करी वळणाचं? बंदोबस्ताच्या आड न येता संचलनात आणि तालमीत काय बदल मागता येतील? खर्चाची, वापराची माहिती कुठं मिळते? अमेरिकेतले व्हिडिओ ग्रुपवर फिरतायत, ते इथं लागू पडतात का? जाणकारांनी एवढं सांगा की ओ.

ढाल_लाठी

तो शब्द घालू नका, वस्तूंची नावं घाला. "लष्करीकरण" लिहिलं की बैठक शब्दावरच संपते. "संचलनात एके-४७ कोणत्या कामासाठी?" असं लिहिलं तर समोरच्याला कामाचं उत्तर द्यावं लागतं.

पीटर क्रास्का नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने लष्करीकरणाची चार अंगं मांडली आहेत: साहित्य, दलाची रचना, कारवाईची पद्धत आणि मनोवृत्ती. आपण साहित्यावरच बोलतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण सगळं साहित्य एका मापाने मोजू नका.

पॉलिकार्बोनेटची ढाल, पुढं काच लावलेलं हेल्मेट, बॉडी प्रोटेक्टर, नडगीचे गार्ड हे सगळं अंग वाचवायचं साहित्य. याला विरोध करू नका. दगड लागून रक्त आलेला शिपाई शांतपणे निर्णय घेऊ शकत नाही. यात एकच खोट आहे, आणि ती लोकांच्या लक्षातही येत नाही: बॉडी प्रोटेक्टर चढवला की शर्टावरची नावाची पट्टी झाकली जाते. हेल्मेटने चेहरा झाकलेला, पट्टीही झाकलेली, म्हणजे कोण होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे असं कायदाच सांगतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६. तेव्हा मागणी अशी करा: प्रोटेक्टरच्या छातीवर नाव आणि हेल्मेटच्या मागे मोठ्या आकड्यांत बक्कल नंबर. रंगाने लिहिलं तरी चालेल, खर्च जवळजवळ नाही. बाकी काही नाही मिळालं तरी एवढं पदरात पाडून घ्या.

मधला गट म्हणजे गॅस गन, अश्रुधुराच्या नळकांड्या, प्लास्टिकच्या गोळ्या. नळकांड्या मुख्यतः ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या कारखान्यात बनतात, तो १९७६ पासून चालू आहे. त्यातलं सीएस हे डोळे झोंबवणारं रसायन; तो खरं तर वायू नसून बारीक कणांचा धूर असतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसतो. मोकळ्या मैदानात वाऱ्याबरोबर निघून जातो. आपल्या पेठांत आठ-दहा फुटांची गल्ली, दोन्ही बाजूंना उंबरठा रस्त्याच्या पातळीला. तिथं तो दारातून आत शिरतो आणि घरातच रेंगाळतो. गर्दीतला तरुण पळून जातो, घरातली म्हातारी आणि तान्हं मूल अडकतं. गॅस गनचा कोन साधारण ४५ अंश हवा, म्हणजे नळकांडं वरून गर्दीच्या अंगावर न येता तिच्या पुढं-मागं जमिनीवर पडतं. सरळ रेषेत मारलं तर तेच डोकं फोडतं. शिवाय प्रत्येक नळकांड्यावर तारीख छापलेली असते. मुदत संपलेलं नळकांडं कधी पेटतच नाही, कधी उशिरा फुटतं, आणि तोवर कुणीतरी ते उचललेलं असतं.

तिसरा गट रायफलींचा: ५.५६ मिमीची इन्सास, ७.६२ ची एसएलआर, एके. इन्सासचा परिणामकारक पल्लाच ४०० मीटर धरतात. अशोक चौकाच्या आतल्या गल्ल्यांत सरळ ४०० मीटर कुठं मोकळे आहेत? मागाच्या शेडचा पत्रा या गोळीला अडवत नाही. म्हणून संचलनात या रायफली मिरवण्याचा उपयोग फक्त दाखवण्यापुरता उरतो, आणि दाखवण्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत पुढं कुणीतरी सांगेलच.

आता तालीम. दंगा काबू योजनेत तुकड्या ठरलेल्या असतात: लाठी पार्टी, गॅस पार्टी, फायरिंग पार्टी, अटक करणारे, प्रथमोपचार, चित्रीकरण. आधी इशारा, मग बळ, तेही पायरीपायरीने. लाठी मांसल भागावर मारायची. डोकं आणि गळपट्टीचं हाड टाळायचं. तालमीत बहुतेक वेळा चूक होते ती पहिल्याच पायरीला. इशारा अर्ध्या मिनिटात उरकला जातो, कारण बघायला आलेल्यांना धूर बघायचा असतो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ इशाऱ्यालाच लागतो. सोलापुरात तर दुप्पट. जमावाला मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषांत सांगावं लागतं, आणि मागांचा खडखडाट चालू असेल तर भोंगा पन्नास पावलांवरही ऐकू येत नाही. म्हणून कापडी फलक हवा, त्यावर चारही लिप्यांत मोठ्या अक्षरांत "हा जमाव बेकायदा ठरवला आहे, पांगा", आणि खाली बाण: कुठून पांगायचं.

बाण सगळ्यात महत्त्वाचा. गणपतीत मंडपांनी निम्म्या गल्ल्या बंद असतात. एका टोकाला लाठी पार्टी आणि दुसऱ्या टोकाला मंडपाचे बांबू असले तर लोक पळणार कुठं? तिथं माणसं लाठीने नाही, चेंगरून मरतात. बैठकीला जाताना आपल्या भागाचा हाताने काढलेला नकाशा न्या, मंडप कुठं आणि मोकळी वाट कुठली ते दाखवा. असा कागद ठाण्यालाही हवाच असतो.

आणि तालमीतला खोटा जमाव कुठल्याही समाजाचा वाटता कामा नये. टोपी नको, उपरणं नको, घोषणा नकोत. मॉक ड्रिलमध्ये अतिरेकी एका विशिष्ट समाजाचे दाखवू नयेत असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला होता. निवेदनात हा संदर्भ द्या.

बंदोबस्त_रजिस्टर

ढाल_लाठी यांचं जवळपास सगळं पटलं. रायफलींबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायचंय.

या रायफली शोभेसाठी आल्या नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर एके-४७ च्या समोर आपल्या शिपायांच्या हातात जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या होत्या. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे हातातल्या लाठीनिशी पुढं झाले आणि गेले. त्यानंतर राज्यात फोर्स वन हे दहशतवादविरोधी पथक उभं राहिलं, शहरांत क्यूआरटी आली. ते योग्यच झालं. पुन्हा कुणा शिपायाला तसं पाठवू नये.

पण क्यूआरटीचं काम ठरलेलं आहे: हत्यारबंद हल्ला, ओलीस, बॉम्बची खबर. या कामासाठी तिने तयार बसायचं असतं. सणात ती मुख्यालयात किंवा एखाद्या ठरल्या जागी राखीव ठेवली तर दहा मिनिटांत कुठंही पोहोचते. संचलनात चालवली तर त्या दोन तासांत ती कुठंच पोहोचू शकत नाही. म्हणून "क्यूआरटी संचलनातून काढा" असं न लिहिता "क्यूआरटी राखीव ठेवा" असं लिहा. मागणी तीच, पण अधिकाऱ्याला ती बंदोबस्ताच्या हिताची दिसते, आणि ती तशी आहेच.

दुसरी गोष्ट. आषाढीला आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरात लाखो माणसं येतात. ती गर्दी कशाने हलते? दोर, शिट्टी, बॅरिकेड, दर्शनबारीचा उड्डाणपूल आणि माणसांना "माउली" म्हणून बाजूला घेणारा शिपाई. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढची वाटही अशीच मोकळी होते. गर्दी आणि दंगल या दोन वेगळ्या गोष्टी. गर्दीसाठी रायफल आणली की तिला दंगलीची वागणूक मिळते, आणि मग ती तशी वागूही लागते.

खरं नुकसान मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. बंदोबस्त लागला की बीट अंमलदार, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एक ठरलेला भाग सांभाळणारा पोलीस, आपल्या बीटावरून उचलला जातो. ज्याला गल्लीतली माणसं नावाने माहीत, कुठल्या दोन मंडळांत वर्गणीवरून तेढ आहे हे माहीत, तो नेमका त्याच दिवसांत दुसऱ्या टोकाला बॅरिकेडवर उभा असतो, आणि त्याच्या गल्लीत सोरेगावच्या राज्य राखीव दलाची किंवा बाहेरच्या जिल्ह्याची तुकडी येते. त्या जवानांना ना गल्ली माहीत, ना भाषा. चौदा-सोळा तास उभं राहून, उन्हात, जेवणाचं पाकीट उशिरा आलेलं, अशा माणसाला कुणी उलट बोललं तर काय होईल? निवेदनात ही मागणी सगळ्यात वर ठेवा: सणाच्या दहा दिवसांत बीट अंमलदार त्याच्याच बीटावर राहावा आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक तुकडीबरोबर ठाण्याचा एक स्थानिक माणूस द्यावा.

भिवंडीचं उदाहरण याच कारणाने सांगतात. १९७० आणि १९८४ मध्ये तिथं भयानक दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या बांधल्या. साधी माणसं, दोन्ही समाजांची, ठाण्याच्या शिपायाबरोबर नेमाने बसायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तेही यंत्रमागांचंच गाव, आपल्यासारखं. आपल्याकडच्या कित्येक समित्या सणाच्या आधी एकदा चहाला जमतात, तेवढ्याने हे होत नाही. महिन्यातून एकदा, सण नसतानाही, तोच शिपाई आणि तीच माणसं बसली पाहिजेत.

चार_हुतात्मा_चौक

अमेरिकेतल्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. तिथली व्यवस्था वेगळी आहे. लष्कराचं वापरून उरलेलं साहित्य स्थानिक पोलिसांना देण्याची योजना तिथं १९९७ च्या संरक्षणविषयक कायद्यातल्या कलम १०३३ खाली चालते. पोलीस वाहतुकीचा खर्च देतात आणि रायफलींपासून सुरुंगरोधक गाड्यांपर्यंत वस्तू घेतात. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात निदर्शकांवर गाडीच्या टपावरून रोखलेल्या रायफली जगाने बघितल्या आणि वाद पेटला. ओबामांनी २०१५ मध्ये काही साहित्यावर बंधनं घातली, २०१७ मध्ये ट्रम्पनी ती काढली. आपल्याकडे असं उरलेलं लष्करी साहित्य वाटत नाहीत. पैसा मुख्यतः राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरण योजनेतून येतो. ती १९६९-७० पासून चालू आहे. महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. जिल्हा नियोजन समितीतूनही गाड्या, कॅमेरे घेतले जातात.

पण तिथला एक अभ्यास इथं उपयोगी आहे. जोनाथन मुमोलो यांनी मेरीलँड राज्यातल्या स्वॉट पथकांच्या (पोलिसांच्या खास हत्यारी पथकांच्या) नोंदी तपासल्या. गुन्हे कमी झाल्याचं किंवा पोलीस जास्त सुरक्षित झाल्याचं दिसलं नाही. शिवाय लोकांना लष्करी वेशातल्या पोलिसांचे फोटो दाखवले तेव्हा त्या शहरात गुन्हे जास्त असावेत असं त्यांना वाटू लागलं, आणि पोलिसांना जास्त निधी द्यावा ही इच्छा कमी झाली. पूर्वभागकरांच्या गल्लीतलं पोर "काय झालंय?" विचारतं, ते हेच. संचलनाची किंमत ती ही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: अभ्यास तिथला आहे, इथं तसाच निकाल निघेल असं लिहू नका.

आपल्याकडचं मूळ याहून जुनं आहे. इंग्रज सेनापती नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस उभे केले. वस्तीवर ताबा ठेवणारं, बराकीत राहणारं, हत्यारी दल. इंग्रजांनी हिंदुस्थानात पुढं तोच साचा वापरला. त्याचा शेवट काय होतो हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. मे १९३० मध्ये गोळीबार झाला, चौक्या जळल्या, मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे फासावर गेले. या गावात बंदूक घेऊन चालणारी रांग बघताना ती आठवण मागं असतेच.

कलम_पोटकलम

कायद्याचं तेवढं सांगतो, निवेदनात आकडे चुकू नयेत.

जमाव पांगवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो. तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९. पुढची कलमंही याच नव्या संहितेची. म्हणजे एखाद्या शिपायाने स्वतःच्या मनाने लाठी चालवली तर ती या कलमाखालची नाही. सैन्य बोलावण्यासाठी १४९, तिथंही कमीत कमी बळ आणि कमीत कमी इजा असं स्पष्ट लिहिलंय. आणि १५१ लक्षात ठेवा: या कलमांखाली केलेल्या कृत्यांसाठी सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही. म्हणूनच आदेश कुणी, किती वाजता दिला याची नोंद महत्त्वाची. ती नसेल तर पुढं काहीच हाती लागत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली जमावबंदी लागते. शासनाच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. एकामागून एक आदेश निघत असतील तर प्रत्येकाची तारीख टिपून ठेवा.

रात्रीच्या कोम्बिंगबद्दल (घरोघरच्या शोधमोहिमेबद्दल) कुणी विचारलं नाही, पण लोकांचा विश्वास मोडतो तो बहुधा तिथंच. झडतीचं आवाजासह चित्रीकरण बंधनकारक आहे, कलम १०५, मोबाइलवर केलेलंही चालतं. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. दोन स्थानिक पंच हवेत, कलम १०३. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, कलम ४३. चित्रीकरण मागण्याने कुणी गुन्हेगार ठरत नाही. चांगल्या अधिकाऱ्याला ते हवंच असतं, खोट्या आरोपातून तोच कॅमेरा त्याला वाचवतो.

तक्रारच करायची वेळ आली तर २०१४ च्या दुरुस्तीने आलेलं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपायचं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालात सांगितलंय, साठवणीची सोयच नसेल तिथंही किमान एक वर्ष. तरी अर्ज पहिल्या आठवड्यात द्या. "हार्ड डिस्क बदलली" हे उत्तर उशिरा गेलेल्यालाच मिळतं.

दहा_रुपयांचा_अर्ज

माहिती अधिकारात नेहमीची चूक ही: "सर्व शस्त्रांची यादी द्यावी". ती मिळणार नाही. कलम ८(१) च्या (a) आणि (g), म्हणजे देशाची सुरक्षा आणि जिवाला धोका या अपवादांवर बोट ठेवून अर्ज परत येतो, आणि शस्त्रागारात काय किती आहे हे जगजाहीर होऊही नये. पैसे, तारखा आणि वापर मागा.

राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना दाखला जोडला की फी नाही. मजकूर साधारण असा:

"मागील तीन आर्थिक वर्षांत सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयासाठी दंगल नियंत्रण साहित्य व वाहनांवर झालेला खर्च, वर्षनिहाय व निधीच्या शीर्षानिहाय, संबंधित प्रशासकीय मंजुरी आदेशांच्या प्रती. नग व ठिकाण यांची माहिती नको. काही भाग देण्याजोगा नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित द्यावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. तेच नसलं की अख्खा अर्ज नाकारणं सोपं जातं. दुसरा अर्ज वेगळा करा: त्याच काळात अश्रुधूर किती प्रसंगी वापरला, लाठीचा वापर किती प्रसंगी, प्रत्येक वेळी आदेश देणाऱ्याचा हुद्दा. तिसरा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेला: जिल्हा नियोजन समितीच्या इतिवृत्तातली पोलिसांच्या साहित्याची पानं. प्रत दोन रुपये पान.

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. नंतर ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. "लष्करीकरण" काढला. क्रम असा ठरतोय: बीट अंमलदार बीटावर, बाहेरच्या तुकडीबरोबर स्थानिक माणूस, क्यूआरटी राखीव, प्रोटेक्टरवर नाव, चार भाषांचा फलक, मोकळ्या वाटांचा नकाशा. तेलुगू आणि कन्नड मजकूर आमचेच लोक लिहून देतील, दखनीही. तालीम चौकात नको, मुख्यालयाच्या मैदानावर घ्या असं मागावं का?

ढाल_लाठी

मैदानावर मागा, पण मोहल्ला समितीतल्या दहा-बारा जणांना बघायला बोलवावं असंही लिहा. बंद दाराआड झाली की अफवा पसरते. आदल्या दिवशी मशिदीच्या, देवळाच्या आणि मंडळाच्या भोंग्यावरून वेळ जाहीर करा. फलकाचं कापड पांढरं नको, पिवळं घ्या.

दहा_रुपयांचा_अर्ज

तारखेचा हिशेब बघा. आज अर्ज दिला तरी ३० दिवसांत गणपती येऊन ठेपतील, बैठकीला उत्तर हाती नसेल. नकाशा आणि फलक बैठकीत तोंडी मागून घ्या, त्याला कागदाची वाट बघू नका. खर्चाचे अर्ज तरीही या आठवड्यातच टाका, पहिलं अपील धरूनही ती उत्तरं जानेवारीत गड्ड्याच्या बंदोबस्ताच्या बैठकीपर्यंत हाती येतील.